पाठ केलेला रस्ता

सोपान, तुझी सायकल पोलिसांनी तेराव्याच्या आदल्या दिवशी परत दिली. मी आणि तुझी तेजू टेम्पो घेऊन गेलो होतो. पुढचं चाक वाकडं झालंय, बाकी तिला ओरखडाही नाही. वहिनींनी तिच्याकडे बघितलं नाही. "रोपवाटिकेत ठेवा," एवढंच म्हणाल्या. मी शेडमध्ये उसाच्या रोपांचे ट्रे सरकवून ती भिंतीला टेकवली. मागे वळलो तर तुझी सतरा वर्षांची पोर दारात उभी.

"काका, सकाळचे अकरा वाजले होते. लख्ख ऊन होतं. पप्पांना एवढा मोठा चर दिसला कसा नाही?"

"वळणावर होता ना तो."

"पण त्यांना तो रस्ता पाठ होता."

"हो," मी म्हणालो. "पाठ होता."

तिला वाटलं, मी नुसती मान डोलावतोय. मी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. पण ते तिला कळेल असं दिलं नव्हतं, आणि कळू नये हीच माझी इच्छा होती. घरी आलो आणि दोन दिवस कुणाशी नीट बोललो नाही. रश्मीनं विचारलं, ताप आहे का. माझ्या बायकोलाही मी काही सांगितलेलं नव्हतं. तुला दिलेला शब्द मी इतका चोख पाळला होता.

तू असतास तर म्हणाला असतास, "वर्धेकर, घाट आडवा चढू नको, सरळ चढ." तर सरळ सांगतो.

मी पुण्याजवळ मांजरीत राहायला आलो तेव्हा आमची इमारत तुमच्या उसाच्या रानावर उभी आहे हे मला ठाऊक नव्हतं. वर्ध्याहून शिकायला आलेला, खराडीच्या एका कंपनीत कोड लिहून जगणारा माणूस मी. पुण्यात दहा-बारा वर्षं काढूनही ऑफिसबाहेर मला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. गिअरची सायकल घेतली ती टीममधल्या सगळ्यांनी घेतली म्हणून. दुसऱ्याच दिवशी तिची चेन पडली आणि मी ती ढकलत येत होतो. तू रोपवाटिकेच्या फाटकात कंबरेवर हात ठेवून उभा होतास.

"कुठलं गाव?"

"वर्धा."

"मग वर्धेकर, पट्टा बांधा तिला. फिरायला नेताना सुटली तर चावायची कुणाला तरी."

मला राग आला होता. पण तू खाली बसून, बोटं काळी करून चेन बसवून दिलीस. बसवता बसवता सांगितलंस की तुझे आबा याच रस्त्यानं पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या दोन पाट्या सायकलला बांधून मंडईत न्यायचे. "शेवटी शेवटी दिसत न्हवतं त्यांना. तरी जायचे. रस्ता पाठ होता. आम्ही म्हणायचो, आबाला न्हाय, सायकललाच डोळं हायेत." तू हसलास. मीही हसलो. आज ते वाक्य आठवलं की हातातलं काम थांबतं.

माझं नाव प्रमोद आहे हे तू पुढं कधीतरी वहिनींना विचारून घेतलंस, पण वापरलं नाहीस.

मग आठ वर्षं. रविवारी दिवे घाट चढून सासवडला चहा, बोपदेव घाटानं उतरून घरी. पावसाळा सरला की ताम्हिणी. आणि दर हिवाळ्यात एकदा, फक्त एकदा, ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत दिवेआगरचा समुद्र. माझ्या हँडलवर रस्ता दाखवणारं यंत्र असायचं. तू त्याला ताईत म्हणायचास. "तुझा ताईत काय म्हणतोय? अजून किती चढ?" मी आकडा सांगितला की म्हणायचास, "आकड्यानं पाय हलत न्हाय." पुढच्या वळणावर काय आहे हे तू माझ्या यंत्राच्या आधी सांगायचास. ओढ्यावरची मोरी. मग उजवं वळण. मग दोन आंबे. मग खडीचा पट्टा, तिथं ब्रेक नको. मला वाटायचं, शेतकऱ्याची नजर आहे ही. नजर! माझ्या अकलेची कमाल आहे.

ती मंदी आली तेव्हाचं मी कधी तुझ्याशी नीट बोललो नाही. आभार मानले असते तर तू टिंगल केली असतीस. आता ऐक. कंपनीनं एका सोमवारी आमच्या मजल्यावरची निम्मी माणसं काढली, त्यात मी होतो. घरी सांगायची हिंमत झाली नाही. रश्मीला सातवा महिना होता. मंगळवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवून, लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडलो आणि कुठं जावं ते कळेना म्हणून तुझ्या शेडमध्ये येऊन बसलो. तू काही विचारलं नाहीस. एक स्टूल दिलंस, पंखा माझ्याकडे वळवलास. सात आठवडे मी तिथं बसून नोकऱ्यांचे अर्ज भरले. रश्मी एकदा भाजी घ्यायला आली तर तू फाटकातच तिच्याशी गप्पा मारत उभा राहिलास, ती जाईपर्यंत. रोज पहाटे पाचला खाली येऊन घंटी वाजवायचास. मला घाट चढायला लावायचास. चढावर माणूस रडला तरी घाम वाटतो, हे तुला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

आणि आठव्या आठवड्यात, कडकीच्या त्या दिवसांत, माझ्यासमोर चहाचा ग्लास ठेवून म्हणालास, "आज घरी जाऊन सांग."

"थोडं थांब ना. एका ठिकाणी बोलणं चालू आहे."

"न्हाय. आज सांग. न्हायतर मी सांगतो संध्याकाळी. दोस्त हाय म्हणून झाकलं, आता दोस्त हाय म्हणून उघडतो."

मी सांगितलं. रश्मी दोन दिवस रडली, चौथ्या दिवशी हसली. तू मला वाचवलंस. तेव्हा झाकून नव्हे, उघड करून. माझी पाळी आली तेव्हा मी यातला पहिला भाग तेवढा लक्षात ठेवला.

तुझं कधी सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. मागे वळून बघतो तेव्हा जिथं बघावं तिथं ते दिसतं. बोपदेवच्या उतारावर डावीकडून कुत्रं आलं. चांगलं मोठं, काळं. मी मागून ओरडलो. तू ब्रेकला हातही लावला नाहीस, ते तुझ्या चाकाला घासून केकाटत गेलं. खाली थांबलास आणि विचारलंस, "काय होतं रे?" मला वाटलं, चेष्टा करतोयस. सासवडच्या टपरीवर भज्यांची बशी तुझ्या डाव्या हाताशी धरून मी उभा होतो आणि तू समोर बघत म्हणालास, "भजी येणार हायेत का संपली?" टपरीवाला हसला. तूही हसलास, पण जरा उशिरा. मग तू मोटारसायकल विकलीस. "पोट सुटलंय, आता सायकलच." वहिनी खूश झाल्या. मग तू मला सायकलवर पिवळं जाकीट घालायला लावलंस आणि म्हणालास, "आजपासून तू म्होरं." मी फुशारून गेलो. इतक्या वर्षांनी गुरूनं शिष्याला पुढं घातलं! घरी जाऊन रश्मीला सांगितलंसुद्धा.

ताम्हिणीत झाडीचे बोगदे आहेत, उन्हातून एकदम काळोखात शिरावं लागतं. तिथं तू बोलणं बंद करायचास. मागून फक्त तुझा श्वास ऐकू यायचा, माझ्या फार जवळ, इतका जवळ की मला भीती वाटायची, मी ब्रेक दाबला तर तू माझ्यावर येशील. मी म्हणायचो, "अंतर ठेव." तू म्हणायचास, "तू चाल." झाडी संपून ऊन आलं की पुन्हा तुझी बडबड सुरू. मला वाटायचं, तुला रान आवडतं म्हणून तू गप्प होतोस.

गेल्या वर्षीच्या त्या समुद्राच्या खेपेत सगळं बाहेर आलं. दिवेआगरहून शेखाडीकडे निघालो होतो. उजव्या हाताला समुद्र, डावीकडे डोंगर, मध्ये तो चिंचोळा वर-खाली जाणारा रस्ता. दुपार कलली होती. शेखाडीच्या अलीकडे एक बाई डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन समुद्राच्या अंगानं चालली होती. मी तिला वळसा घालून पुढं गेलो. मागून किंकाळी आली. वळून बघतो तर पाटी रस्त्यावर, मासळी पसरलेली, तू सायकलसकट आडवा, आणि ती बाई तुझ्यासमोर पदर खोचून उभी.

"डोळे फुटलेत काय रे तुझे? एवढी बाई दिसत नाय?"

मला वाटलं तू काहीतरी खोचक बोलशील. तू हात जोडलेस. "फुटलेत, ताई. खरंच फुटलेत."

तिचा आवाज एकदम खाली आला. आपण तिघांनी मिळून मासळी गोळा केली. तू गुडघ्यावर बसून हातानं चाचपत होतास. हाताजवळ पडलेले मासे तुला सापडत नव्हते, लांबचे सापडत होते. तिनं ते बघितलं, मीही बघितलं. जाताना ती माझ्याकडे वळून म्हणाली, "घरी न्या यांना." तुझ्याशी नाही बोलली. माझ्याशी बोलली.

आपण रस्त्याच्या कठड्यावर बसलो. तू समुद्राकडे तोंड करून सांगायला लागलास. काचबिंदू. दोन वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर काढायला गेलास तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं दिसणं विझत जातं. गेलेलं परत येत नाही. थेंब घातले तर राहिलेलं टिकतं. "समोरचं दिसतंय मला. पाइपातून बघितल्यागत. तुझं पिवळं जाकीट दिसतंय. बास की."

"गाडी चालवू नका म्हणाले असतील."

"म्हणाले. म्हणून तर मोटारसायकल विकली."

"आणि सायकल?"

"सायकलचं त्यांनी काढलं न्हाय. म्यापण काढलं न्हाय."

"थेंब घालतोस ना रोज?"

"आठवलं की."

थेंबांची बाटली कुठं होती ते मला नंतर कळलं. शेडच्या फडताळात, बुरशीनाशकाच्या डब्यांमागं, जिथं वहिनी कधी हात घालत नाहीत.

"अजून काय म्हणाले डॉक्टर?"

तू तळहाताला चिकटलेली माती पुसलीस. मग म्हणालास, "घराण्यात उतरतं म्हणे. भावंडांचे, पोरांचे डोळे तपासून घ्या म्हणाले. आबाचं म्हातारपण न्हवतं ते. हेच होतं."

"तेजूला नेलंस?"

"तेजूला काय धाड भरलीय? पोरगी बारावीला हाय. तिच्या डोक्यात हे घालू?" आणि मग माझा दंड धरलास. तुझी पकड तुला आठवत असेल. "वर्धेकर, घरी बोलायचं न्हाय. म्या तुझं सात आठवडं झाकलं. तू माझं झाक."

मी म्हणालो, "बरं."

सोपान, तिथं बसून मी "बरं" म्हणालो. मी तुला आठवण करून द्यायला हवी होती की आठव्या आठवड्यात तू काय केलं होतंस. मला तेव्हा ते आठवलं होतं. खोटं कशाला बोलू? आठवलं होतं, आणि मी ते गिळलं. मला तुझं मन मोडायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला रविवार मोडायचे नव्हते.

त्यानंतर मी तुझा वाटाड्या झालो. पुढं राहून ओरडत जायचं. "खड्डा डावा. माणूस उजवा. गतिरोधक." रस्ते पूर्वीसारखे राहिले असते तर कदाचित निभलं असतं, पण त्या वर्षी सगळीकडे खणत होते. दिवे घाटाकडे रुंदीकरण निघालं, दोन आंब्यांपैकी एक तोडला, रस्त्याच्या मध्ये रात्रीतून दुभाजक उगवायचे. तुझ्या पाठांतरातली एकेक ओळ कुणीतरी खोडत होतं. एकदा तू म्हणालास, "आंबा गेला व्हय? म्हणूनच वळण चुकलं." तू ते सहज बोललास. मला त्या रात्री झोप आली नाही.

आणि मग दिवे घाटातला तो रविवार. मागून एसटी आली, उजवीकडून पुढं काढत होती. मी ओरडलो, "डावीकडं राहा!" तुला ती दिसलीच नाही. तू खड्डा चुकवायला उजवीकडं घेतलंस. एसटीच्या पत्र्याला तुझं कोपर घासलं. ड्रायव्हरनं पुढं थांबवून आईबहिणीवरून शिव्या दिल्या आणि गेला. तुझ्या कोपरातून रक्त येत होतं.

"बास," मी म्हणालो. "हे आजपासून बंद. नाहीतर मी वहिनींना सांगतो."

"सांगून बघ."

"अरे, मरशील तू. माझ्या डोळ्यांदेखत मरशील."

तू कोपर पुसत होतास. वर न बघता म्हणालास, "तू काठी हायेस माझी. काठीनं बोलायचं नसतं."

आठ वर्षांत तू मला हजार टोमणे मारलेस, त्यातला एकही लागला नव्हता. हा लागला. "मग मोडली समज काठी," असं म्हणून मी तुला तिथंच सोडून निघालो. वळणावरून मागं बघितलं, तू सायकल हातात धरून, रस्त्याच्या अगदी कडेनं, एकेक पाऊल टाकत उतरत होतास. मी थांबलो नाही. वहिनींनाही सांगितलं नाही. रागाच्या भरात तेवढं तरी करायला हवं होतं.

दीड महिना आपण बोललो नाही. फाटकावरून जाताना मी मोबाइल कानाला लावायचो.

आता जे सांगणार आहे ते तुला माहीत नाही.

तू गेलास त्याच्या बारा दिवस आधी मी, रश्मी आणि लेक गाडीनं कोकणात गेलो होतो. ताम्हिणी उतरताना, शेवटच्या झाडीच्या अलीकडे, तुझ्या पाठांतरातली तिथली मोरी लागते त्या वळणावर, मला एकदम ब्रेक दाबावा लागला. मोरीचं काम काढलं होतं. डावीकडचा अर्धा रस्ता आडवा खणून काढला होता, माणूस उभा मावेल इतका खोल. पाटी नाही, दिवा नाही. चुना फासलेले चार दगड आणि मध्ये खोचलेली झाडाची एक फांदी. तिची पानं सुकली होती. रश्मी म्हणाली, "बापरे, सायकलवाला गेला तर?" आणि त्याच क्षणी तू माझ्या डोळ्यांसमोर आलास. वळण घेऊन उन्हातून सावलीत येणारा, समोर लांब नजर लावलेला. पायाखालचं दिसत नसलेला.

मी मोबाइल काढला. घाटात रेंज नव्हती. माणगावला आली. तुझा नंबर समोर होता. लेकीला वडापाव हवा होता, रश्मी गाडीतून उतरत होती, आणि मला वाटलं, आत्ता फोन केला तर हा म्हणेल, काठी बोलायला लागली का? स्वतः करेल फोन. एकटा कशाला जाईल इतक्या लांब? मी मोबाइल खिशात ठेवला. परत येताना त्याच वळणावरून आलो, तेव्हाही केला नाही.

बाराव्या दिवशी वहिनींचा फोन आला. "तुमच्याबरोबर आहेत का हे?" एवढं विचारलं त्यांनी. मी ऑफिसात होतो. त्या वाक्यातच मला कळलं. कुठं, तेही कळलं. त्यांनी सांगायच्या आधी मला ती फांदी दिसली.

नंतर समजलं, ओळखीच्या टेम्पोत सायकल टाकून तू पौडपर्यंत गेला होतास. अंधारात जमणार नाही म्हणून. तिथं चहा घेऊन, ऊन चांगलं वर येईपर्यंत थांबलास आणि मग निघालास. इतकी काळजी घेतलीस. एका दूधवाल्यानं तुला बघितलं. तो म्हणाला, तू उतारावर जोरात नव्हतास. आरामात चालला होतास, काहीतरी पुटपुटत. पुटपुटत काय होतास ते त्याला कळलं नाही. मला कळलं.

तुझा रागही येतो मला. पोरगी बारावीला होती, डोळ्यांसमोर बापाचं उदाहरण होतं, आणि तू मर्दानगी की काय म्हणतात त्यात अडकून बसलास. जिवंत असतास तर कॉलर धरून विचारलं असतं. पण विचारायचं ते तेव्हा, त्या कठड्यावर.

तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो. वहिनी आणि तेजू दोघींना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. काचबिंदू, फडताळातली बाटली, शेखाडीची बाई, एसटी, काठी. आणि माणगाव. तेजू मध्येच म्हणाली, "वेट, काका, एक मिनिट. म्हणजे पप्पांना साइडचं दिसतच नव्हतं?" आणि मग तिनं तोंडावर हात ठेवला.

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी तीनच प्रश्न विचारले.

"फोन हातात होता?"

"हो."

"रेंज होती?"

"माणगावला होती."

"किती दिवस आधी?"

"बारा."

त्या उठून आत गेल्या. मी आणि तेजू बसून राहिलो. मला वाटलं, आता बाहेर येऊन मला हाकलतील, आणि ते बरोबरच होईल. बऱ्याच वेळानं आल्या त्या साडी बदलून, हातात पिशवी घेऊन.

"डोळ्यांचा दवाखाना किती वाजता उघडतो?"

डॉक्टरीणबाईंनी तेजूच्या डोळ्यातलं प्रेशर मोजलं, मग पुन्हा मोजलं. मग तिला काळोख्या खोलीत एका वाडग्यासारख्या यंत्रासमोर बसवलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. दार अर्धवट उघडं होतं. बटणाचा टिक टिक आवाज येत होता. मध्येच तो थांबायचा, आणि तेवढ्या वेळात वहिनींचा माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा हात घट्ट व्हायचा. शेवटी कागद हातात आला. प्रेशर दोन्ही डोळ्यांत वाढलेलं. नजर अजून पुरी शाबूत. "वेळेवर आणलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थेंब रोज. आयुष्यभर. चुकवायचे नाहीत. मग काही होणार नाही." कुणी पाठवलं, असं त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "हिच्या वडिलांनी."

फाटकापाशी तेजू आत गेली. मी निघालो तर वहिनींनी थांबवलं.

"भाऊजी, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. पोरीचं वाचलं. पण आता काही दिवस येऊ नका. तुम्हाला बघितलं की मला तुमच्या हातातला तो फोन दिसतो."

मी मान हलवली. काही दिवस म्हणजे किती, हे विचारायचा हक्क मला नाही.

मी गेलेलो नाही. सायकलही काढलेली नाही. रविवारी पहाटे पाचला जाग येते, तशीच येत राहील. पण दवाखान्यातून आलो त्याच दिवसापासून रोज जेवणं झाल्यावर माझ्या मोबाइलवर तेजूचा मेसेज येतो. मी मागितलेला नाही, वहिनींना तो माहीत आहे की नाही हेही मला ठाऊक नाही. एकच शब्द असतो: "घातले." मी लिहितो, "बरं."

आज थेंबांचा सोळावा दिवस. तुझा एखादा दिवस चुकायचा, एखादा आठवडा चुकायचा. सोपान, तिचा अजून एकही चुकलेला नाही.